मुठीचे तांदूळ आणि उसना आवाज

नवापूरकडच्या डोंगरात जाऊन आलो म्हटल्यावर तुम्ही आता वाघाची वाट बघणार. बघू नका, वाघ नाही. ढोल नाही, नाच नाही, भगत नाही, मंतरलेलं लिंबूसुद्धा नाही. लिहिणारा ख्रिस्ती आहे हे कळलं की काही जणांना वाटेल, शेवटी सगळा पाडा गुडघे टेकणार. तेवढं मात्र होतं. कुणापुढे टेकतात ते वाचायला थोडं थांबावं लागेल.

माझं नाव शमुवेल. नंदुरबारात मला या नावानं फक्त हजेरीपटावर बोलावलं. बाकी सगळे 'नकल्या' म्हणतात. स्टेशनमास्तर, हेडमास्तर, तपकिरीनंतर शिंकणारे मामलेदार, सगळे माझ्या घशात राहतात. मामलेदारांच्या शिंकेनं मी एकदा चावडीवरच्या शिपायाला उठून उभं केलंय. ही कला आहे असं मला तेव्हा वाटायचं.

शुक्रवार. चिंचपाडा

दर साली नाताळ उरकला की आमचे पाळकबाबा डोंगरातल्या पाड्यांवर मुठीचे तांदूळ आणायला जातात. आमच्या बायका रोज चूल पेटवायच्या आधी एक मूठ धान्य चुलीशेजारच्या मडक्यात टाकतात. वर्षाअखेर ते मंडळीकडे, म्हणजे आमच्या ख्रिस्ती देवळाकडे, जातं आणि त्यावर विधवांची, आजाऱ्यांची चूल चालते. माझी आईही टाकते. फक्त पाहुणे आले की त्याच मडक्यातून काढते आणि वर बघून म्हणते, "पाहुण्यात तूच आलास की रे देवा."

या खेपेला बाबांचा नेहमीचा सोबती तापानं पडला. मी मराठी सातवीची फायनल पास होऊन मास्तरकीची वाट बघत होतो, म्हणजे घरी भाकरी मोडत होतो. वडिलांनी मला बाबांच्या हवाली केलं.

बाबा मूळचे रनाळ्याचे. साठीचे, बारीक, पांढऱ्या दाढीचे. प्रार्थना करताना छापल्यासारखं मराठी, रागावले की अहिराणी. त्यामुळे देवाला अहिराणी येत नाही आणि मला मराठी कळत नाही, असा त्यांचा समज असावा.

लढाईचे दिवस. त्यात आमच्या गावात 'चले जाव'च्या मोर्चातल्या पोरांवर गोळ्या चालल्या त्याला चार महिने झाले होते. त्यानंतरच्या रविवारी बाबांनी देवळात इंग्रज बादशहासाठी प्रार्थना केली, आणि लगेच त्या पोरांच्या आयांसाठीही केली. झालं. बाजारातले लोक म्हणाले, पाळक सरकारचा माणूस. सरकारी लोक म्हणाले, पाळक बिघडला. गाडीतही एका खादीच्या टोपीवाल्यानं विचारलंच, "काय पाळकबाबा, तुमचा बादशहा बरा आहे ना?"

"बरा असंल," बाबा म्हणाले. "मी त्याच्यासाठीबी मागतो, अन् त्यानं कोंडलेत त्यांच्यासाठीबी मागतो. तुमच्यासाठी मागू का?"

टोपीवाला खिडकीबाहेर बघायला लागला.

बाबांचं म्हणणं साधं होतं. अधिकारी देवानं नेमलेला असतो. त्याचं चुकलं तर त्याच्यासाठी गुडघ्यावर यायचं, त्याच्या अंगावर जायचं नाही. देव त्याचं मन वळवतो. मी हे लहानपणापासून ऐकत आलोय आणि त्यांच्या आवाजात जसंच्या तसं म्हणून दाखवू शकतो.

चिंचपाड्याला उतरलो तर फलाटावर फॉरेस्टचा रेंजर हमालाला झापत होता. मी कान टवकारले. काय आवाज होता! ओरडणं नाहीच. आधी दोनदा घसा साफ करायचा, मग अगदी हळू, लोण्यात सुरी जावी तसं बोलायचं, आणि शेवटी, "मी दोनदा सांगत नसतो." हमाल पेटी उचलून पळाला. मी तो आवाज तिथल्या तिथे गिळला. बैलगाडीत बसल्यावर बाबांना काढून दाखवला. बाबा आधी हसले, मग हसल्याबद्दल स्वतःवरच रागावले.

शुक्रवार संध्याकाळ. करंजटेंभी

पाडा पंधरा-वीस घरांचा. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. उतारावर भात कापून नेलेल्या खाचरांत खुंट उभे होते आणि सागाची मोठाली पानं एकेक करून आवाज करत पडत होती. तो आवाजही मी काढून बघितला. जमला नाही.

आम्ही मार्थाबाईंकडे उतरलो. साठीच्या, उंच, दंडावर गोंदण. त्यांचा मुलगा याकोब आणि सून राहेल. जेवायला नागलीची भाकर आणि खेकड्यांचं कालवण. आमच्याकडे पाळक जेवायला बसला की अख्खं घर उभं राहून त्याचे घास बघतं. इथे मार्थाबाईंनी बाबांना वाढलं, मला वाढलं, स्वतःला वाढलं आणि तिघं एकदमच जेवलो. दारालाही कडी नव्हती. दारच नव्हतं म्हणा, बांबूची एक ताटी टेकवलेली.

खेकड्याचा पाय चोखता चोखता माझ्या ध्यानात आलं की पाड्यावर म्हातारे, बायका आणि पोरं सोडून कुणी नाही.

"पुरुषमाणसं कुठं गेली?"

"वेठीला," मार्थाबाई म्हणाल्या. जणू बाजाराला गेलीत.

कागदावर म्हणे आता वेठ नाही. डोंगरात कागद उशिरा पोचतो. पलीकडच्या आमराईत फलाटावरच्या त्याच रेंजरचा तंबू पडला होता. सोमवारी मुक्काम टेकडीपलीकडे हलणार होता. सामान वाहायला अकरा माणसं लागणार, म्हणून शुक्रवारीच धरून बसवलेली. आयत्या वेळी पळून जातात ना! याकोब त्यातलाच.

जेवणानंतर पोरं भोवती जमली. मी स्टेशनमास्तर केला, शिंक केली, बाबांची प्रार्थनासुद्धा हळूच केली. पोरं लोळली. मग नवा माल काढला. दोनदा घसा साफ केला आणि रेंजर केला.

कुणी हसलं नाही. एक लहान पोरगी मार्थाबाईंच्या पदराआड गेली. इतकी बरोबर नक्कल मी आजवर केली नव्हती, आणि हशा मात्र आला नाही. मला ते जरा लागलंच.

कुडापलीकडून कण्हणं आलं. राहेल. पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून कळा येत होत्या.

शनिवार. आमराई

सकाळी सुईणीनं सांगितलं, आता माझ्या हातात नाही, चिंचपाड्याच्या दवाखान्यात न्या. मिशनचा दवाखाना चार कोसांवर. गाडीवाट लांबून, धोंड्यांतून जाणारी. बैलगाडीत घातलं तर बाई वाटेतच जायची. डोंगरातली रीत झोळीची. बांबूला गोधडी बांधायची, बाईला त्यात घालायचं, दोघांनी खांद्यावर घ्यायचं आणि जवळच्या पायवाटेनं पळायचं. पण खांदे बदलायला निदान आठ तगडी माणसं लागतात. पाड्यावर दोन म्हातारे, बाबा आणि मी. माझा खांदा शाळेत स्लेट वाहून तयार झालेला.

बाबांनी चिठ्ठी लिहिली. 'साहेब मेहेरबान यांचे सेवेशी' इथून सुरुवात. आठ माणसं फक्त एक दिवस सोडावीत, सोमवारी सकाळी सगळे हजर राहतील, जबाबदारी माझी. सुंदर चिठ्ठी. ती घेऊन मी पळालो.

आमराईत तंबूपुढे पेट्या रचलेल्या, आणि पेट्यांशेजारी अकरा माणसं ओळीनं उकिडवी बसलेली. काम काहीच नाही. बसणं हेच काम. पहाऱ्याला उस्मानभाई नावाचा गार्ड, नवापूरचा, पन्नाशीचा, पट्टा ढिला झालेला, हातात काठी.

"साब नहीं है," तो म्हणाला. "सुबह बंदूक लेके नदी की तरफ गये."

"कधी येतील?"

"मेरेकू बोलके जाते क्या? पीछे से आते, पीछे से जाते. कनात उधर है ना, नहाने की."

मी याकोबला सांगितलं, राहेलचं असं असं आहे. तो ताडकन उठला. उस्माननं काठी आडवी धरली. मारायला नाही, नुसती आडवी.

"बैठ भाई. मेरे चार बच्चे हैं. हुकूम आने दे, मैं खुद छोडता."

"हुकूम नाही आला तर?" याकोब म्हणाला.

उस्माननं काठी तशीच आडवी ठेवली. याकोब माझ्याकडे वळला. "मास्तर, बाबा सांगतात साहेबाला देवानं ठेवलं. मग आमाला इथं पेट्यांजवळ कुणी ठेवलं?"

मी म्हणालो, लघवीला जाऊन येतो.

तंबूच्या मागे गेलो. न्हाणीच्या कनातीतून शिरून तंबूचा मागचा पडदा बाजूला केला. आत खाट, टेबल, आरसा, दाढीचं सामान, उशीवर तेलाचा डाग. मी टेबलाला धरून उभा राहिलो. भीती होतीच, पण खरं सांगतो, मजाही वाटत होती. दोनदा घसा साफ केला.

"उस्मान."

बाहेर काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. "जी साब!"

"ही माणसं कशाला बसवलीस? सोड. सोमवारी सकाळी हजर राहू देत."

"साब, वो आपने ही..."

"मी दोनदा सांगत नसतो."

बास. मी मागच्या मागे पसार झालो, झुडपांतून वळसा घालून पुढे आलो, तर उस्मान अकरा जणांना हातानं हाकलत होता, "जाओ, जाओ, साब मेहेरबान हो गये!" आणि याकोब पाड्याकडे सुटला होता. मी त्यांच्या मागे धावलो. कुणालाही काही बोललो नाही. नंतर सांगू, असं म्हटलं. अशी गोष्ट सांगायला जरा रंगात यावं लागतं.

झोळी निघाली. चार कोस. दोघं पुढे-मागे, बाकीचे बाजूनं पळत, आणि एकही शब्द न बोलता खांदा बदलायचा. झोळी क्षणभरसुद्धा थांबत नव्हती. मीही एकदा खांदा दिला. दीडशे पावलांत माझं मानगूट सोलवटलं आणि माझ्या जागी पन्नाशीचा एक माणूस शिरला, मला अलगद बाजूला करून. राहेल आधी ओरडत होती, मग नुसतं 'याहा, याहा' करत होती. त्यांच्या बोलीत आईला याहा म्हणतात. शेवटच्या कोसाला तेही थांबलं. दुपारी दवाखान्यात पोचवली. याकोब आणि दोघंजण थांबले, बाकी परत फिरलो.

रविवार. करंजटेंभी

सकाळी मोहाच्या झाडाखाली उपासना. याकोब आला नव्हता, सगळ्यांचा एक डोळा पायवाटेवर. बाबा उभे राहिले आणि कालच्या गोष्टीवरच बोलले.

मी आजवर ऐकलेलं ते त्यांचं सगळ्यात चांगलं प्रवचन. म्हणाले, आपण मागितलं आणि देवानं एका कठीण माणसाचं मन मेणासारखं मऊ केलं. चिठ्ठी त्याच्या हातात पडायच्या आधीच त्याला बुद्धी झाली. मोर्चा नाही, दगड नाही, गोळी नाही. गावात पोरांच्या जिवावर बेतलं ते इथं एका प्रार्थनेनं झालं. कितीतरी दिवसांनी त्यांचं म्हणणं त्यांना स्वतःला खरं वाटलं असावं.

मी मागच्या रांगेत बसलो होतो. आधी मला हसू आलं. मी तोंडावर हात धरला. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतोय. मग हसू गेलं. आता सांगावं कसं? तंबूत देव नव्हता बाबा, मी होतो, हे मोहाखाली उभं राहून सांगायचं? म्हटलं, कुणाचं काय बिघडतंय! सोमवारी माणसं हजर होतील. रेंजर आला तरी त्याला कळणार नाही, कारण माणसं त्याच्या लेखी सामानातच. पेट्या जागच्या जागी असल्या की झालं. आणि तसंच झालं. तो दुपारी परतला, पेट्या बघितल्या, जेवला आणि झोपला. उस्मानला वाटलं साहेबाला ठाऊक आहे. साहेबाला काही वाटलंच नाही.

शेवटचं गीत चालू असताना याकोब आला. पाय धुळीनं गुडघ्यापर्यंत पांढरे. गीत थांबलं.

"मूल नाही," तो म्हणाला. "पोटातच गेलं होतं. राहेल हाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर तीबी नसती."

मार्थाबाईंनी पदर तोंडात धरला. मग त्या उठल्या, डोळे पुसले आणि बायकांना म्हणाल्या, "सून तर वाचली. साहेबानं सोडलं म्हणून वाचली. रिकाम्या हातानं कसं राहायचं?"

त्यांच्यात रीत आहे. ज्यानं जीव राखला त्याच्या दारात कोंबडा आणि दाणा घेऊन जायचं. नाही गेलं तर वाचलेला जीव उसना राहतो म्हणे. बायका घरोघर गेल्या. कोंबडा मार्थाबाईंचाच, तांबडा, तुरेबाज. पण दाणा? पेरणीचं राखलेलं सोडून कुणाकडे मोकळा दाणा नव्हता. मग त्यांनी मुठीची मडकी आणली. वर्षभराची एकेक मूठ. टोपलीत उपडी केली.

"बाबा, देवाचं साहेबाला दिलं तर चालेल का?" मार्थाबाईंनी विचारलं.

"देवानंच त्याच्या हातून दिलं," बाबा म्हणाले. "चालेल."

हीच वेळ होती. आत्ता बोललो असतो तर नुसता मार पडला असता, आणि तो मलाच. मी जीभ वरही उचलली. एक म्हातारा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचे पायबी चांगले. तुमी गेले अन् साहेब सापडला." मी जीभ खाली ठेवली.

सोमवार. आमराई, आणि टेकडीपलीकडे

सकाळी धुकं. अकरा माणसं कबूल केल्याप्रमाणे हजर झाली. मार्थाबाईंच्या डोक्यावर तांदळाची टोपली, याकोबच्या काखेत कोंबडा. बाबा आणि मी मागे. रेंजर खुर्चीत बसून बूट चढवत होता.

अकरा जण त्याच्यापुढे गुडघ्यावर बसले. आम्ही देवळात बसतो तसे.

"काय रे हे?" तो म्हणाला.

याकोबनं कोंबडा पुढे ठेवला. "साहेब, तुमी शनिवारी आमाला सोडलं. माझी बायको वाचली. देव तुमचं भलं करो."

रेंजरनं दोनदा घसा साफ केला. "मी सोडलं?"

उस्मान आनंदानं पुढे झाला. "जी साब. आपने तंबू में से हुकूम दिया ना, सोमवार तक."

"शनिवारी मी नदीवरून तसाच वरच्या फॉरेस्ट बंगल्यावर गेलो होतो," रेंजर हळूच म्हणाला.

कोंबड्यानं पंख झाडले. उस्मानचं तोंड उघडंच राहिलं. "साब, कसम से, आपकी आवाज थी. आपने बोला, मैं दोबारा नहीं बोलता..."

"किती घेतलंस?"

"साब, बच्चों की कसम..."

"पट्टा काढ."

उस्माननं पट्टा काढायला घेतला. बकल निघेना. रेंजर वाट बघत बसला. मग याकोबकडे वळला. जंगलात हे लोक जमिनीचे तुकडे कसतात ते दर साली साहेबाच्या मर्जीनं. "यंदा या पाड्याला प्लॉट नाहीत. अकराच्या अकरांना. ज्याला माझ्या नावानं खोटं बोलायचंय त्यानं दुसऱ्याच्या जंगलात जावं."

याकोब गुडघ्यावरच होता. तो उठायचं विसरला असावा.

बाबा पुढे झाले. "साहेब, यांचं काही चुकलेलं नाही. काल मी स्वतः तुमच्यासाठी देवाचे आभार मानले."

"मग मानत राहा," रेंजर म्हणाला. "आणि लोकांना शिस्त शिकवा. तुम्ही आमची माणसं ना?" मग स्वयंपाक्याला हाक मारून म्हणाला, "कोंबडा आणि तांदूळ आत ठेव."

माझ्या घशात तेव्हा बावीस आवाज होते. एकही वर आला नाही. मी उस्मानच्या कमरेकडे बघत होतो. पट्टा निघाल्यावर तिथे सदऱ्यावर घामाची एक गोल रेघ उरली होती.

अकरा जणांनी पेट्या उचलल्या आणि साहेबाच्या मागून टेकडी चढायला लागले.

आम्ही गाडीत बसलो. अर्धा कोस गेल्यावर मी तोंड उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. पडदा, आरसा, दोनदा घसा, सगळं. बाबांनी गाडीवानाला थांबवलं. मराठी संपलं.

"काय करं रे तू हाई? मी देवसमोर उभा ऱ्हायीसन आभार मानात, आनि तू मांगे बशीसन हासी ऱ्हायंता? बाईले वाचाडं, बरं करं. पन त्या लोके कोंबडा लईसन चालनात, तैं तुन्हा तोंडले काय कुलूप लागेल व्हतं? त्या गरीब गार्डना पट्टा काढी लिधा, तठे बी तू गप! कितला आवाज शेतस तुन्हाकडे? तुन्हा सोताना एक बी नही का? उतर. उतर गाडीखाले. जाय त्या साहेबकडे, आनि सोताना आवाजमा सांग."

एवढं बोलून ते दाढीत तोंड घालून बसले. खांदे हलत होते. रागानं की कशानं, मी बघायला थांबलो नाही.

टेकडी चढून गेलो. नवा मुक्काम ओढ्याकाठी. अकरा जण तंबूच्या खुंट्या ठोकत होते. मी रेंजरपुढे उभा राहिलो आणि माझ्या आवाजात बोललो. तो आवाज फाटका निघाला. म्हटलं, साहेब, शनिवारी तंबूत मी होतो. गार्डाचा दोष नाही, या लोकांचा नाही. मला काय करायचं ते करा.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काढून दाखव."

"काय साहेब?"

"माझा आवाज."

मी काढला. दोनदा घसा, 'उस्मान', 'मी दोनदा सांगत नसतो', सगळं.

आणि साहेब हसला. खुर्चीतल्या खुर्चीत डोलून हसला. कारकुनाला हाक मारली. "अहो, इकडे या, ऐका हे!" मला परत करायला लावलं. मग मामलेदार कर म्हणाला. मी शिंकलो. मग चहा आला, कपबशीत. माझ्या हातात दिला. मी तो प्यायलो. का प्यायलो, अजून कळत नाही. हातात दिला, म्हणून प्यायलो.

"मग साहेब, प्लॉट?" मी विचारलं. "आणि उस्मानभाईंचा पट्टा?"

त्यानं डोळे पुसले. "साहेबाचा आवाज ओळखू येत नाही तो गार्ड काय कामाचा? आणि हुकूम तोंडातून गेला तो गेला. तुला तर पाठच आहे, मी दोनदा सांगत नसतो." कारकून परत हसला.

मी वळलो तर याकोब मोगरी हातात धरून उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. खुंटी ठोकायला लागला.

परतीच्या आधी. करंजटेंभी

पाड्यावर पोचलो तर बाबा गाडी वळवून परत आले होते आणि मार्थाबाईंच्या अंगणात बसून कलेक्टरला अर्ज लिहीत होते. या अर्जात 'मेहेरबान' शब्द नव्हता. माणसं कशी धरली, किती दिवस बसवली, सगळं नावानिशी. अधिकाऱ्यासाठी गुडघ्यावर यायचं की त्याच्याविरुद्ध कागद करायचा, हा प्रश्न त्यांनी सुटला म्हणून सोडला की कंटाळून, ते मी विचारलं नाही. त्या अर्जाला मी हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.

बाबांनी मार्थाबाईंना माझी करणी सांगितली होती. टेकडीपलीकडचं काय झालं ते मी सांगितलं. चहासकट. इतके दिवस त्या मला 'मास्तर, तुमी' म्हणत होत्या.

"साखरेचा होता चहा?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गोड लागला?"

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

"माझी सून वाचली ती तुझ्यामुळं. ते मी मरेपर्यंत म्हणेन. अकरा घरांची जमीन गेली तीबी तुझ्यामुळं, अन् तेबी मरेपर्यंत म्हणेन. एकानं दुसरं पुसत नाही. माझा कोंबडा मी माझ्या हातानं त्याच्यापुढं ठेवला. तू माझ्या मागं उभा होतास. माझा पदर ओढला असतास तरी मी थांबले असते. बोलायची बी गरज नव्हती, पोरा, नुसता पदर ओढायचा." त्या आत गेल्या आणि एक मडकं घेऊन आल्या. "पाड्यातल्या बायकांनी आज परत मूठ टाकलीय. तळ झाकेल एवढीच हाय. हे नंदुरबारला नेऊ नको. नवापूरला त्या उस्मानच्या घरी दे."

"मार्थाबाई, तो मुसलमान," शेजारची म्हातारी हळूच म्हणाली.

"त्याच्या पोरांना भूक लागत नाही का?" त्या माझ्याकडेच बघत होत्या. मडकं माझ्या हातात कोंबलं. "त्याची बायको विचारंल, कुणी पाठवलं, का पाठवलं, नवऱ्याची नोकरी कशानं गेली. सगळं सांग. ती शिव्या दील, त्या उभा राहून ऐक. चहा दिला तर पिऊ नको. अन् बाबा रे, तिथं तरी कुणाचा आवाज काढू नको."